पाटी आधी, धडा नंतर

तुमच्या घरात एक टॅब्लेट आहे. कुठे आहे ते जरा आठवून बघा. सोफ्याच्या फटीत असेल, जुन्या चार्जरांच्या खणात असेल, नाहीतर पाहुण्यांच्या खोलीत उशाशी असेल. ब्लॅक फ्रायडेला स्वस्त मिळाला म्हणून घेतला असेल, नोकरीला दहा वर्षं झाली म्हणून ऑफिसने दिला असेल, किंवा फोनच्या प्लॅनबरोबर ‘फुकट’ आला असेल आणि त्याच्या डेटाचे पैसे दर महिन्याला गुपचूप कापले जात असतील. घरात टॅब्लेट नसलेली मराठी घरं इथे मिनेसोटात मला दोनच माहीत आहेत, आणि त्यातल्या एका घरात तीन होते, ते नुकतेच देऊन टाकलेत.

वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्या साफसफाईत, कोणीतरी म्हणतं, “अरे, या टॅब्लेटचं काहीतरी करायला हवं.”

हे वाक्य विचित्र आहे. पोळपाटाचं काहीतरी करायला हवं, असं कोणी म्हणत नाही. खोबरं खवायचं होतं म्हणून खवणी आली. पाणी लांबून आणायचं होतं म्हणून कळशी आली. घरातल्या बहुतेक वस्तूंचा दाखला असा देता येतो: काम होतं, ते अडलं होतं, मग वस्तू आली. टॅब्लेट मात्र घरात येऊन बसतो आणि नंतर आपण त्याच्यासाठी काम शोधत हिंडतो, एखाद्या लांबच्या नातेवाइकाच्या बेकार मुलासाठी हिंडावं तसं.

यात आपलीच चूक आहे असं नाही. त्याचा जन्मच असा आहे. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा सुरुवातच प्रश्नाने केली होती: फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तिसऱ्या एखाद्या यंत्राला जागा आहे का? असेल, तर काही कामं त्याने त्या दोघांपेक्षा सरस करून दाखवली पाहिजेत. मग कामांची यादी आली. इंटरनेट, ईमेल, फोटो, व्हिडिओ, गाणी, खेळ, पुस्तकं. यातलं प्रत्येक काम लोक आधीपासून कशावर ना कशावर करतच होते. मंचावर एक आरामखुर्ची ठेवली होती आणि तीत बसून ते यंत्र मांडीवर घेऊन दाखवलं गेलं. मला वाटतं, खरा शोध त्या खुर्चीतच होता. गंमत म्हणजे त्या पहिल्या आयपॅडला कॅमेराच नव्हता. आपण परदेशात राहणारे लोक आज टॅब्लेटचं पहिलं काम कुठलं सांगू? आईबाबांशी समोरासमोर बोलणं. नेमकं तेच त्याला येत नव्हतं. कॅमेरा पुढच्या वर्षी आला. म्हणजे बनवणाऱ्यांच्याही हातात आधी पाटी आली, धडा नंतर.

‘पाटी’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. टॅब्लेट या शब्दाचा जुना अर्थ लिहायची फळी, पाटी असाच आहे. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर शिकत: फळीवर बारीक माती पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, हलवून पुसायचं, पुन्हा काढायचं. मग दगडी पाटी आली, लाकडी चौकटीची, एका बाजूला तारेत ओवलेले मणी असलेली. तुमच्यापैकी अनेकांनी ती ओल्या फडक्याने, आणि शिक्षकांचं लक्ष नसताना थुंकीने, पुसलेली आहे. त्या पाटीबद्दल कोणाला कधी प्रश्न पडला नाही की हिचं काय करायचं. कागद महाग होता आणि अक्षर गिरवायचं होतं. पाढे, पावकी, निमकी हे सगळं आधी होतं. पाटी त्यांच्या सेवेला आली.

धडा ठरवायच्या आधी पाटी वाटली तर काय होतं, हे लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक शाळांनी एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं आहे. २०१३ साली तिथे प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आयपॅड द्यायची योजना सुरू झाली. सगळा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर जाणार होता. त्यावर चालवायचा अभ्यासक्रम अजून अपुरा होता. वाटप सुरू होऊन काही आठवडे होतात न होतात, तोच काही शाळांतल्या मुलांनी त्यावरची बंधनं काढून टाकली आणि ती हवं ते बघू लागली. पुढच्या वर्षी तो करार गुंडाळावा लागला. त्या मुलांना मी नावं ठेवणार नाही. कोणाला तरी त्या यंत्राचा उपयोग शोधावा लागणारच होता. शाळेने शोधला नाही, त्यांनी शोधला.

पण आपल्या घरातला प्रश्न शाळेपेक्षा नाजूक आहे, कारण तिथे आपले संस्कार मध्ये येतात. ‘वाया घालवू नये’ हे आपल्या घरांतलं न लिहिलेलं शास्त्र आहे. ताटात टाकू नये. उरलेल्या पोळीची फोडणीची पोळी होते. दह्याचा प्लास्टिकचा डबा इथे चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाकडूनही फेकवत नाही; फ्रीज उघडला की सहा डबे सारखे दिसतात, आणि दही नेमकं कुठल्यात आहे ते घरच्या बाईलाच माहीत. या संस्काराबद्दल मला आदर आहे. पण टॅब्लेटला तो लावताना आपली गफलत होते, आणि ती गोधडीपाशी नीट दिसते.

नऊवारी साडी विरली की तिची गोधडी होते. तिथेही आपण ‘या साडीचं काहीतरी करायला हवं’ म्हणूनच सुरुवात करतो. पण दोन गोष्टी आधीच घडलेल्या असतात. साडीने आपलं काम पुरं केलेलं असतं, आणि घरात कोणाला तरी थंडी वाजत असते. गोधडी थंडीसाठी असते. टॅब्लेटने अजून काहीच केलेलं नाही आणि घरात कोणाला थंडीही वाजत नाही. अशा वेळी ‘वाया जाऊ नये’ म्हणून आपण त्याच्यासाठी कामं निर्माण करतो: त्यावर वाणसामानाची यादी करायची (ती फ्रीजवरच्या कागदावर चांगली होत होती), तो भिंतीवर टांगून घड्याळ करायचा (घड्याळ होतं), सकाळी त्यावर बातम्या वाचायच्या (फोनवर वाचून झालेल्या असतात). पैसे वाया गेल्याचं शल्य तेवढ्यापुरतं बरं होतं. पैसे मात्र गेलेले असतात ते असतातच, आणि आता त्यांच्यामागून वेळही जातो.

हेन्‍री डेव्हिड थोरोने १८५४ च्या ‘वॉल्डन’मध्ये एक छोटी हकिगत सांगितली आहे. त्याच्या टेबलावर चुनखडीचे तीन दगड होते. त्यांच्यावरची धूळ रोज झटकावी लागते आहे, हे लक्षात आल्यावर तो हादरला आणि त्याने ते खिडकीबाहेर फेकून दिले. थोरो जरा आढ्यताखोर होता असं माझं मत आहे, पण दगडांबाबत तो बरोबर होता. वस्तू आपली चाकरी करते तशी आपल्याकडून करूनही घेते. टॅब्लेट चार्ज मागतो, अपडेट मागतो, पासवर्ड मागतो, आणि तुम्ही शेवटी कधी काय बघत होता याची आठवण करून देतो. काम नसलेली वस्तू घरात रिकामी बसत नाही. ती तुम्हाला कामाला लावते.

मग थोरोसारखा खिडकीबाहेर फेकायचा का? तसंही म्हणता येत नाही, आणि इथे आपले जुने संस्कार पुन्हा खरे ठरतात. त्या काचेच्या फळीत खाणीतून काढलेलं कोबाल्ट आणि लिथियम आहे, कोणाच्या तरी रात्रपाळ्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. ‘खणात असू दे, लागेल कधीतरी’ हाही निर्णय नव्हे. लोणचं मुरतं, टॅब्लेट मुरत नाही. बॅटरी पूर्ण उतरून पडून राहिली की खराब होते, कधी फुगते. काही वर्षांत सुरक्षेचे अपडेट बंद होतात, मग एकेक ॲप चालेनासं होतं. म्हणजे आज कोणाच्या तरी उपयोगाची असलेली वस्तू तुमच्या खणात बसून निरुपयोगी होत असते.

तेव्हा काम शोधायचं, पण कसं? मला स्वतःला दोन प्रश्न उपयोगी पडले आहेत. पहिला सोपा आहे: हे काम टॅब्लेट यायच्या आधीपासून अडलं होतं का?

अशी कामं सापडतात, आणि ती बहुधा जाहिरातीत नसतात. गावाकडच्या जमिनीचा सातबारा आता ऑनलाइन बघता येतो. फोनवर त्या रकान्यांतली नावं वाचताना डोळे फुटतात, टॅब्लेटवर दोघं भाऊ शेजारी बसून बोट ठेवून वाचू शकतात. (वाद कमी होतो असं नाही. वाद निदान एकाच ओळीवर होतो.) गणपतीत आरतीच्या जुन्या पुस्तिका चार आणि माणसं तीस, हा दरवर्षीचा पेच, टॅब्लेट मखराशेजारी उभा केला की मागच्या रांगेतल्या मुलांनाही शब्द दिसतात. फक्त स्क्रीन मध्येच काळी न होण्याची सेटिंग आधी करून ठेवा, नाहीतर ‘घालीन लोटांगण’च्या सुमारास यजमान कुंकवाच्या बोटाने काच चोळत बसतात. स्वयंपाकघरातही तेच. हात पिठाचे किंवा ओले असले की काच ऐकत नाही. बोटाचं पेर कोरडं असेल तर त्याने चालतं.

दुसरा प्रश्न मला उशिरा सुचला, आणि तो अवघड आहे: हे काम टॅब्लेटच्या आधी कोणाचं होतं?

आमच्या इथे एक बाई गाणं शिकवतात. तंबोरा भारतातून आणणं, इथल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत त्याचा भोपळा तडकू न देणं, तारा मिळवणं, मिळवलेल्या पुन्हा उतरणं, हा त्यांच्या जिवाला घोर होता. आता टॅब्लेटवर तंबोऱ्याचं ॲप आहे. सूर ठरवा, चालू करा, तासभर ढळत नाही. पहिल्या प्रश्नाला हे उत्तर उत्तम आहे: काम होतं, अडलं होतं. पण त्या स्वतः नव्या विद्यार्थ्यांना पहिले काही महिने खराच तंबोरा मिळवायला बसवतात. त्यांचं म्हणणं असं की तंबोरा जुळवताना कान तयार होतो. जुळवलेला सूर आयता मिळाला तर गळा गातो आणि कान झोपतो. रियाज करताना मात्र त्या खुशाल ॲप लावतात. टॅब्लेटने काम केलं, पण त्या कामाच्या पोटात आणखी एक काम होतं आणि ते त्याला दिसलं नव्हतं. बाईंना दिसलं, म्हणून त्यांनी त्याची वेगळी सोय केली. मला ही वागणूक फार शहाणपणाची वाटते. त्यांनी यंत्र नाकारलं नाही, आणि सगळं त्याच्यावर सोपवूनही टाकलं नाही.

आता हाच प्रश्न स्वयंपाकघरात विचारा. भरली वांगी करायची आहेत. टॅब्लेट ओट्यावर उभा आहे, व्हिडिओत बाई सावकाश सांगते आहे, दाण्याचं कूट किती, गोडा मसाला किती. पूर्वी हे काम कोणाचं होतं? तुम्ही आईला फोन करायचा. हिवाळ्यात इथल्या संध्याकाळी सहाला सांगलीत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. ती उठलेलीच असते. ती सांगायची, “अंदाजाने घाल गं.” तुम्ही चिडायचा, “अंदाजाने म्हणजे किती?” आणि या भांडणात दहा मिनिटं जायची, मग वांग्यांवरून शेजारणीच्या गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून तुमच्या धाकट्याच्या खोकल्यावर. व्हिडिओतली बाई ‘एक मोठा चमचा’ म्हणते. वांगी जास्त चांगली होतात, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण आईला विचारलं जायचं, ते विचारलं जाणं गेलं. तिची गरज आपण यादीत धरलीच नव्हती, कारण अडचण आपली होती आणि यादीही आपणच केली होती.

मार्टिन हायडेगरने १९२७ च्या आपल्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण घेऊन दाखवलं आहे की कुठलंही हत्यार एकटं नसतं. हातोडा खिळ्यासाठी, खिळा छपरासाठी, छप्पर कोणीतरी त्याखाली राहावं म्हणून. त्या साखळीचं शेवटचं टोक नेहमी माणसापाशी जातं. टॅब्लेटचा उपयोग शोधताना आपण पहिल्याच कडीशी थांबतो, आणि मग खिळा ठोकला गेला एवढ्यावरच खूश होतो.

इथे मला त्या टॅब्लेटकडे वळायचं आहे जो आपण घरी ठेवत नाही, सुटकेसमध्ये घालून भारतात नेतो. या लेखाच्या बहुतेक वाचकांनी हे एकदा तरी केलं असेल. आईबाबा म्हणतात, “छान आहे हो, कशाला एवढा खर्च.” मग त्याला कव्हर शिवलं जातं आणि तो कपाटात जातो, चांगल्या बेडशीटच्या खाली. आल्यागेल्याला दाखवतात, “लेकीने आणलाय.” आपण परत येतो आणि फोनवर विचारतो, “वापरता ना?” तो प्रश्न आपण कोणासाठी विचारतो? मला वाटतं, त्यांनी तो वापरला तर आपलं एक देणं फिटल्यासारखं होतं. ‘टॅब्लेट दिलाय’ या वाक्यात ‘आम्ही काळजी घेतो’ हे वाक्य लपलेलं असतं, आणि म्हाताऱ्या माणसांना ते ऐकू येतं. म्हणून ते खोटं बोलतात: “हो हो, वापरतो की.”

ज्या घरांत तो खरोखर वापरला जातो, तिथे बघा. एका ओळखीच्या गृहस्थांची मधली नजर गेली होती. रोज सकाळी पेपर वाचणं हे त्यांचं साठ वर्षांचं काम. भिंग घेऊन एकेक शब्द टिपत अग्रलेख संपायला दुपार व्हायची. टॅब्लेटवर अक्षर अंगठ्याएवढं होतं. त्यांना बुद्धीचे खेळ, योगाचे व्हिडिओ, सगळं घालून दिलं होतं. त्यातलं काही त्यांनी उघडलं नाही. पेपर उघडला. काम आधीपासून होतं.

पण तो उघडायला शिकवलं कोणी? समोरच्या फ्लॅटमधल्या कॉलेजच्या मुलीने, पंधरा दिवस रोज संध्याकाळी येऊन. अमेरिकेतल्या मुलाने यंत्राचे पैसे दिले. त्या मुलीने वेळ दिला, त्याच गोष्टी पुन्हापुन्हा सांगितल्या, ‘आजोबा, जोरात दाबू नका, नुसतं टेकवा’ हे शंभरदा सांगितलं. या व्यवहारात मोठी रक्कम कोणी भरली, हे ठरवायला फार तत्त्वज्ञान लागत नाही. तुमच्याही आईबाबांच्या टॅब्लेटमागे अशी एखादी मुलगी किंवा पुतण्या असेल. पुढच्या वेळी जाताना त्यांच्यासाठी काय नेता, तेही बघा.

आणि एक गोष्ट, जी आपण देताना विसरतो. यंत्र दिलं म्हणजे त्यांच्या घराला एक नवं दार पाडून दिलं. त्यातून नातू दिसतो, तसा चोरही येतो. गेली काही वर्षं भारतात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची फसवणूक चालली आहे: पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचं भासवायचं, व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास खिळवून ठेवायचं, घाबरवायचं, पैसे वळते करून घ्यायचे. असली अटक कायद्यात नाहीच. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये यावर बोलावं लागलं. एकटी राहणारी, कायदा मानणारी, साहेबासमोर उभं राहायची सवय असलेली पिढी यात सापडते, म्हणजे आपल्याच आईवडिलांची पिढी. त्यांना दार पाडून दिलं असेल तर कडी कशी लावायची, हेही दिलं पाहिजे. कोणीही पैशाचं बोललं की फोन ठेवायचा, मग तो खराच अधिकारी का असेना. आणि मला फोन करायचा, माझ्या रात्री तीन वाजता असला तरी. ते बजावायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं टॅब्लेटच्या किमतीत धरलेली नसतात.

खणातला तुमचा टॅब्लेट या प्रश्नांना उतरला नाही तर तो देऊन टाका. देताना आपलं खातं त्यातून काढून सगळं पुसा, नाहीतर घेणाऱ्याच्या हाती कुलूप लागलेली फळी पडते. ज्याला द्याल त्याचं काय अडलं आहे, ते आधी विचारा. त्याला काही अडलं नसेल तर तुम्ही फक्त आपला खण मोकळा करून त्याचा भरला.

एका ठिकाणी मात्र माझे हे दोन्ही प्रश्न चालले नाहीत. ज्या गृहस्थांबद्दल वर लिहिलं, ते दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मुलगा परत येताना तो टॅब्लेट घेऊन आला. त्याच्याकडे इथे दोन आहेत, तिसऱ्याचं काही काम नाही. त्याच्या मुलीला शाळेचा मिळतो. तो जुना झाला आहे, विकून चाळीस डॉलरही यायचे नाहीत. तरी तो दर रविवारी चार्ज करतो. मी विचारलं, उघडतोस का? म्हणाला, कधी कधी उघडतो, पेपरच वाचतो, अक्षर फार मोठं आहे, एका पानावर चारच ओळी मावतात, वाचायला वेळ लागतो. लहान करता येतं, हे त्याला माहीत आहे. तो सॉफ्टवेअरमध्येच आहे.